हातचा

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या तळघरात
आम्ही चौघं टेबलं मांडून
लोकांची करविवरणं फुकट भरून देतो.
बाहेर दुलुथ, फेब्रुवारी, सरोवर पांढरंफटक गोठलेलं.
आत हीटरची खरखर, ओल्या बुटांचा वास.

वेंडेल कोस्केला आला
तो कॉफीचा पत्र्याचा डबा छातीशी धरून.
लोहखनिजाच्या धक्क्यावर एकोणीस वर्षं.
डबा उपडा केला तसा टेबलभर पावत्यांचा पाचोळा.
"पोरीचं कॉलेज," म्हणाला,
आणि टोपी काढून बसला
डॉक्टरसमोर बसावं तसा.

कॉलेजचा फॉर्म तेवढा इस्त्री केल्यासारखा सरळ.
पहिल्या चौकटीत फी, पाचवीत शिष्यवृत्ती.
एकीतून दुसरी वजा केली,
उरलं ते फारसं नव्हतं.
मग आम्ही पाचोळा वेचायला घेतला.

वेल्डिंगचं हेल्मेट, एकशे बारा डॉलर. धरायचं.
कातडी हातमोजे, अडतीस.
अभ्यासक्रमाच्या यादीत आहेत? आहेत. धरायचे.
धातुशास्त्राचं जुनं पुस्तक, पंचेचाळीस,
कुणा वरच्या वर्गातल्या मुलाकडून घेतलेलं,
पावती म्हणजे वहीचं फाटकं पान आणि एक वाकडी सही.
जरा थांबून तेही धरलं.
बसचा पास? नाही.
बर्फातले बूट? नाही.
खोलीचं भाडं? नाही.
"खोलीशिवाय ती शिकणार कुठं, रस्त्यावर?"
मी म्हटलं, कायदा मी केला नाही,
मी नुसते रकाने भरते.
फोनचं बिलही नाही.
"दर रविवारी तेवढंच..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

काही पावत्या कोऱ्याच होत्या.
ट्रकच्या काचेखाली उन्हात पडून
शाई उडून गेलेली.
त्यांच्यावर त्यानं पेन्सिलीनं
आठवून आठवून लिहून काढलं होतं:
तारीख, दुकान, रक्कम सेंटापर्यंत,
आणि एकीच्या कडेला बारीक अक्षरात
टूलिया बरोबर होती, वारा फार.
हे चालत नाही हो, मी म्हटलं, बँकेचा उतारा आणा.
त्यानं मान हलवली.
पण ती पावती टाकली नाही,
घडी घालून खिशात ठेवली.

तळाशी एक वेगळीच निघाली.
नाव वेंडेलचं.
रात्रवर्ग, प्राथमिक गणित, सप्टेंबर.
"ती नको."
का?
"तीन आठवड्यांत सोडला. अपूर्णांकांपाशी."
फी परत मिळाली?
"मागितलीच नाही. तोंडानं कुठल्या मागणार?"
मग हा खर्च तुमचाच,
वर्ग सोडला म्हणून तो पुसला जात नाही.
दुसरी एक सवलत आहे, तिच्यात बसतो का पाहू.
त्यानं दाराकडे बघितलं.
"पोरीला माहीत नाही. धक्क्यावर फोरमनची जागा निघणार होती,
तिथं टनांचा हिशोब लागतो."

मी कॅल्क्युलेटर पुढे केला.
त्यानं तो बाजूला सारला,
पाकिटाच्या पाठीवर तीन आकडे एकाखाली एक मांडले,
ओठ हलवत बेरीज केली.
एकशे पंच्याऐंशी.
मी काही बोलले नाही.
पेन कागदावर ठेवून मी हीटरकडे बघत बसले.
बऱ्याच वेळानं
त्याच्या पेन्सिलीचं टोक परत वर गेलं,
आठाच्या आणि पाचाच्या बेरजेपाशी अडखळलं,
आणि दशकाच्या डोक्यावर त्यानं
एक छोटासा एक लिहिला,
इतका छोटा, जणू उसना आणलेला.

एकशे पंच्याण्णव.

सही झाली. पावत्या परत डब्यात गेल्या,
त्याची ती सगळ्यांत वर.
निदान तीन वर्षं टाकू नका, मी नेहमीचं सांगितलं.
"तीनच?" म्हणाला तो,
आणि झाकण बसेना म्हणून
अंगठ्यानं दाबत राहिला.
मागून कुणीतरी चौदा नंबर पुकारला.